बीमवरची हवा

रविवारी पाणी सुटलं नाही, टाकी तळाला गेली.
सोमवारी भरली.
तेव्हापासून गरम नळाला धार नाही.
गार सोडला की धो धो,
गरम सोडला की आधी फुस्स,
मग म्हाताऱ्याच्या खोकल्यासारख्या दोन चुळा,
मग सुताएवढी धार. तीही तुटते.

आक्काताईनं पातेलं गॅसवर ठेवलं.
थंडीत तिच्या बोटांची पेरं आखडतात.
मला दिसतं. मी बोलत नाही.
"सोलर गेला म्हणायचा," ती म्हणाली.
शेजारचे पिराजीराव म्हणाले, "ऊन्हच न्हाई ओ, काय तापणार?"
फुलेवाडीत डिसेंबरात नवापर्यंत धुकं असतं, मान्य,
खरं दुपारी गच्चीवर तळवे भाजतात.

जिना चढलो, दर पायरीला गुडघ्याची परवानगी घेत.
टाकीच्या बुडाचा कॉक अर्धा आटा फिरवला.
चटका!
म्हणजे पाणी आहे, तापलेलं आहे,
निघतंय आणि पोचत नाही.

चाळीस वर्षं उद्यमनगरात मोल्डर होतो.
पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, गुऱ्हाळाच्या चरकाच्या लाटा.
वाळू ठोकायची, पॅटर्न उचलायचा,
आणि साचा झाकण्याआधी तारेनं भोकं पाडायची
हवेला जायला.
नवी पोरं हेच विसरायची.
त्यांना वाटायचं, एवढा लालभडक रस,
त्याच्यापुढं हवा काय टिकणार!
टिकते.
कोपरा धरून बसते, लोखंड निवेपर्यंत.
वरून कास्टिंग देखणं, वजनाला चोख.
लेथवर चढलं, कातडं निघालं, की आत बोटभर पोकळी,
गुळगुळीत, चकचकीत,
कुणीतरी बरेच दिवस राहून गेल्यासारखी.

पाइपावर हात ठेवून चालत गेलो.
कढत. कढत. कोमट.
रणजितच्या खोलीच्या बीमवर पाइप उडी मारतो
आणि पलीकडं उतरतो, तिथं गार.
ती खोली त्यानं चढवली,
आणि वर्षभरात चाकणला गेला.
बीम फोडू नका, वरनं घ्या, हे प्लंबरला सांगणारा मी.
दोनशे रुपये वाचले होते.
मागं टाकी रिकामी झाली की रणजित मोरीत जाऊन काहीतरी करायचा,
पाणी यायचं.
काय करायचा, मी कधी विचारलं नाही.

फोन लावला.
त्यानं आधी विचारलं, "आई बरी हाय न्हवं?"
"बरी हाय. पाणी येईना."
"हवा बसलीया, आबा. बीमवर."
"ते कळलं मला. काढायची कशी?"
तिकडं मशीनचा आवाज होता, तो जरा लांब गेला.
"मिक्सरच्या तोंडावर तळहात घट्ट दाबा.
दोन्ही नळ पुरे सोडा.
गार पाणी उलटं चढंल, हवेला वर ढकलंल.
हात काढू नका."

फोन खांद्यात धरून मी मोरीत वाकलो.
तळहाताखाली पाणी थरथरत होतं, बाहीत शिरत होतं.
तो बोलेना, मी बोलेना,
फोन कुणीच ठेवेना.
त्याच्या श्वासात पुण्याकडची सर्दी ऐकू येत होती.
मग भिंतीच्या आत गडगड,
वर कुठंतरी टाकीत ढेकर,
"आला आवाज?"
"आला."
"आता गार बंद करा, हात काढा."

पहिल्यांदा तांबूस, मग पांढरं, मग धूर.
"परत बसंल ती," तो म्हणाला, "तिथं टी टाकून उभा पाइप पायजे,
टाकीपेक्षा हातभर उंच,
तोंड वाकवून, कचरा पडू नये म्हणून.
मी आलो की बसवतो."
"माझ्या घरात व्हेंट काढायला मला माणूस नको," मी म्हणालो.
नळ वाहत होता.
"बरं," म्हणालो, "तू ये. आटे मी पाडून ठेवतो."

आक्काताई कधी मागं येऊन उभी राहिली कळलं नाही.
दोन्ही हात तिनं धारेखाली धरले,
मनगटापर्यंत,
आणि मिनिटभर तशीच.
मग म्हणाली,
"लईच कढत हाय की ओ. जरा गार सोडा."